लाखोंची स्पोर्ट्स कार आणि डॅशबोर्डमधून 'टिक टिक'... हा आवाज शोधायचा कसा आणि बंद करायचा कसा?

रविवारची सकाळ, मोकळा रस्ता आणि दोन सीटची स्पोर्ट्स कार. तिसरा गिअर पडतो, इंजिनचा आवाज चढतो, मालकाच्या चेहऱ्यावर हसू येतं. आणि तेवढ्यात डॅशबोर्डच्या आतून कुठूनतरी ऐकू येतं, टिक... टिक... टिक.

आवाज अगदी बारीक असतो. शेजारी बसलेल्याला तर कदाचित सांगितल्याशिवाय कळणारही नाही. पण मालकाच्या कानाला तो एकदा सापडला, की मग इंजिन, गाणी, गप्पा सगळं मागे पडतं आणि फक्त ती टिकटिक उरते.

गंमत म्हणजे स्पोर्ट्स कार घेणारा माणूस आवाजासाठीच पैसे मोजत असतो. २०१२ साली आलेल्या टोयोटा जीटी ८६ मध्ये इंजिनचा आवाज केबिनमध्ये यावा म्हणून खास एक नळी बसवलेली होती. बीएमडब्ल्यूने २०११ च्या एम ५ मध्ये इंजिनचा आवाज चक्क स्पीकरमधून वाजवला. म्हणजे हवा असलेला आवाज आत आणण्यासाठी कंपन्या एवढा खटाटोप करतात, आणि नको असलेला आवाज मात्र एका सैल स्क्रूमुळे फुकटात येतो.

मग मालक वैतागतो, गॅरेज गाठतो आणि सांगतो, "डॅशबोर्ड खोला." डॅशबोर्ड खोलला जातो, त्यात दोन-चार क्लिपा तुटतात आणि जिथं एक आवाज होता तिथं चार आवाज सुरू होतात.

हा घोळ टाळायचा असेल तर एक गोष्ट लक्षात घ्यायला लागते. अशा आवाजात दुरुस्ती हे छोटं काम असतं आणि शोधणं हे मोठं. नेमकी जागा सापडली तर उपाय बऱ्याचदा एका कापडी टेपच्या तुकड्याचा असतो. शोधायला सुरुवात करण्याआधी, आवाज होतो कसा ते बघू.

खडखड, करकर आणि भुणभुण

गाडी बनवणारे इंजिनियर केबिनमधल्या नकोशा आवाजांचे तीन प्रकार करतात. मराठीत त्या तिघांनाही आपले नेमके शब्द आहेत.

पहिला प्रकार खडखड. दोन वस्तूंच्या मध्ये थोडीशी फट असते, गाडी हादरली की त्या एकमेकींवर आपटतात. सैल स्क्रू, तुटलेली क्लिप, ग्लोव्ह बॉक्सचं झाकण ही याची नेहमीची उदाहरणं.

दुसरा प्रकार करकर. इथं फट नसते, उलट दोन वस्तू एकमेकींना घट्ट टेकलेल्या असतात. त्या आधी चिकटून राहतात आणि जोर वाढला की झटक्यात सरकतात. परत चिकटतात, परत सरकतात. हे सेकंदाला शेकडो वेळा झालं की करकर ऐकू येते. प्लास्टिकवर प्लास्टिक, लेदरवर लेदर किंवा काचेवर सुकलेलं रबर घासलं की हेच होतं.

तिसरा प्रकार भुणभुण. एखादा पातळ पत्रा किंवा पॅनल इंजिनच्या ठराविक वेगाला थरथरायला लागतो. इंजिन २,५०० फेऱ्यांवर असताना भुणभुण येते आणि ३,००० वर गायब होते, असा याचा स्वभाव असतो.

हे तीन प्रकार ओळखता येणं महत्त्वाचं, कारण तिघांचे उपाय वेगळे आहेत. खडखडीला फट भरावी लागते, करकरीला घर्षण कमी करावं लागतं आणि भुणभुणीला तो पत्रा घट्ट धरावा लागतो. खडखडीवर ग्रीस मारून काही उपयोग नाही.

स्पोर्ट्स कारमध्येच हे जास्त का?

पहिलं कारण सस्पेन्शन. वळणावर गाडी झुकू नये म्हणून स्प्रिंगा कडक असतात आणि टायरची उंची कमी असते. साध्या गाडीत जो धक्का टायर आणि स्प्रिंग गिळून टाकतात, तो इथं बऱ्यापैकी तसाच बॉडीत आणि तिथून डॅशबोर्डमध्ये पोहोचतो.

दुसरं कारण वजन. आवाज अडवणारी मॅट, जाड गालिचे, दारांमधलं पॅडिंग या सगळ्याचं वजन असतं. स्पोर्ट्स कारमध्ये त्यावरच कात्री लागते.

तिसरं कारण टप. ज्या गाडीचा टप उघडतो तिथं वरचं लोखंडी छप्परच नसतं. झाकण काढलेला बूट बॉक्स हातात धरून पिळून बघा, तो सहज वाकतो. झाकण लावलं की तोच खोका ताठ होतो. गाडीचंही तसंच आहे. छप्पर नसलेली बॉडी खराब रस्त्यावर किंचित पिळली जाते आणि काचा, दारं, डॅशबोर्ड एकमेकांवर घासतात.

चौथं कारण तापमान. आपल्या मापाने विचार केला तर, एक मीटर लांबीचं एबीएस प्लास्टिक ३० अंशांनी तापलं की साधारण २ ते ३ मिलिमीटरने वाढतं. तेवढंच स्टील अर्धा मिलिमीटरही वाढत नाही. डॅशबोर्ड प्लास्टिकचा आणि त्याच्या मागची चौकट धातूची. त्यामुळे सकाळी थंड गाडीत वाजणारा आवाज दुपारी उन्हात गायब होतो, किंवा याच्या बरोबर उलटं होतं. गॅरेजमध्ये नेल्यावर गाडी शहाण्यासारखी गप्प बसते, त्यामागेही अनेकदा हेच कारण असतं.

उदाहरण घेऊ माझदा एमएक्स ५ चं

हे सगळं एकाच गाडीत बघायचं असेल तर माझदा एमएक्स ५ सारखं उदाहरण नाही. अमेरिकेत ही गाडी मियाटा नावाने ओळखली जाते. फेब्रुवारी १९८९ मध्ये शिकागोच्या ऑटो शोमध्ये ती पहिल्यांदा लोकांसमोर आली. दोन सीट, कापडी टप, पुढे इंजिन, मागच्या चाकांना ताकद आणि वजन एक टनापेक्षा कमी. एप्रिल २०१६ मध्ये या गाडीने १० लाखांचा टप्पा ओलांडला आणि जगात सर्वाधिक विकली गेलेली दोन सीटची स्पोर्ट्स कार म्हणून तिचं नाव गिनीज बुकात आहे.

माझदाने ही गाडी बनवताना 'जिनबा इत्ताई' हा जपानी विचार समोर ठेवला होता. अर्थ असा, की घोडा आणि स्वार एकरूप झाले पाहिजेत. आता घोड्याशी एकरूप व्हायचं म्हटल्यावर त्याची प्रत्येक कुरकुरही स्वाराला कळणारच.

भारतात ही गाडी कंपनीने कधी विकली नाही. पण पहिल्या पिढीच्या गाड्या आता पस्तिशीच्या आसपास आल्यात आणि जगभरातले मालक त्या स्वतःच्या हाताने सांभाळतात. त्यामुळे आवाज शोधण्याचं शास्त्र या गाडीवर चांगलंच घासून पुसून तयार झालंय.

आवाज शोधायचा कसा?

१. आधी गाडी रिकामी करा. काखेत कळसा आणि गावाला वळसा ही म्हण इथं शब्दशः लागू पडते. ग्लोव्ह बॉक्समधले कागद, दारातली बाटली, सीटखाली गेलेलं नाणं, गॉगलचा डबा, किल्लीला लटकणारी साखळी हे सगळं बाहेर काढा. डिकीतला जॅक, पाना आणि स्टेपनी घट्ट बसलेत का बघा. टायरमधली हवाही तपासा. हवा जास्त असेल तर टायर दगडासारखा होतो आणि प्रत्येक आवाज वाढतो.

२. आवाजाची नोंद करा. तो कधी येतो हे लिहून काढा. गाडी जागेवर उभी असताना अॅक्सिलरेटर दाबल्यावर येत असेल तर इंजिन, सायलेन्सर किंवा त्याच्यावरचा उष्णतारोधक पत्रा बघायचा. फक्त खड्ड्यात येत असेल तर सस्पेन्शन किंवा आतलं प्लास्टिक. ब्रेक हलका दाबल्यावर बंद होत असेल तर ब्रेक पॅड. काच थोडी खाली केल्यावर बदलत असेल तर दार. एवढ्या नोंदीनेच निम्मी गाडी संशयातून बाहेर पडते.

३. रस्ता एकच ठेवा. दरवेळी वेगळ्या रस्त्यावर गेलं तर काय बदललं हे कळत नाही. आवाज हमखास येतो असा एक कमी वर्दळीचा खडबडीत पट्टा निवडा आणि दरवेळी त्याच वेगाने तिथून जा.

४. चालवणारा वेगळा, शोधणारा वेगळा. स्टिअरिंग धरून डॅशबोर्डला कान लावणं म्हणजे अपघाताला आमंत्रण. एकाने फक्त गाडी चालवायची, दुसऱ्याने पट्टा लावून शेजारच्या सीटवर बसून शोधायचं. त्याने तळहाताने एकेक भाग दाबून बघायचा. दाबल्यावर आवाज थांबला, तर संशयित सापडला.

५. कानावर पूर्ण विश्वास ठेवू नका. केबिन लहान असते आणि चारही बाजूंना काचा. डॅशबोर्डच्या डाव्या कोपऱ्यातला आवाज समोरच्या काचेवर आपटून उजवीकडून आल्यासारखा वाटतो. लोखंडी बॉडीतून तर तो आणखी लांब जातो. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी ही गत इथंच होते. म्हणून मोबाइलचं रेकॉर्डिंग चालू करून तो एकदा पायाशी, एकदा सीटमागे, एकदा डिकीत कापडात गुंडाळून ठेवा. कुठलं रेकॉर्डिंग सर्वांत स्पष्ट आहे ते घरी निवांत ऐका.

६. टेपची परीक्षा घ्या. रंगारी वापरतात तो मास्किंग टेप संशयित सांध्यावर चिकटवा आणि त्याच रस्त्यावर फेरी मारा. एका फेरीत एकच जागा. एकदम दहा ठिकाणी टेप लावला तर आवाज थांबेल, पण कुठल्या टेपने थांबला ते कळणार नाही.

७. स्पीकरची मदत घ्या. गाडी जागेवर उभी करून २० ते २०० हर्ट्झचा खालून वर चढत जाणारा सूर मध्यम आवाजात वाजवा. दाराचं पॅनल किंवा मागचं एखादं झाकण सैल असेल तर त्याच्या ठराविक सुराला ते थरथरायला लागतं. मग हात ठेवून जागा पकडता येते.

एवढं करूनही सापडलं नाही तर गॅरेजमध्ये डॉक्टरसारखा स्टेथोस्कोप असतो. काही ठिकाणी चिमटा लावायचे छोटे माइकही असतात. ते गाडीखाली वेगवेगळ्या जागी लावून, गाडी चालवताना एकेक माइक हेडफोनवर ऐकता येतो.

एमएक्स ५ मध्ये आवाज कुठं लपतात?

या गाडीतल्या जागा बघितल्या की बाकीच्या गाड्यांमध्ये कुठं बघायचं याचाही अंदाज येतो.

टपाचे खटके ही पहिली जागा. कापडी टप समोरच्या काचेच्या चौकटीला दोन खटक्यांनी अडकतो. ते सैल झाले की डोक्यावर टकटक सुरू होते. पहिल्या पिढीच्या गाडीत हे खटके पान्याने कमी-जास्त घट्ट करता येतात. टप उघडून आवाज बंद झाला तर दोषी हेच.

दुसरी जागा दाराची काच. या गाडीत काचेभोवती चौकट नाही. काच अर्धी खाली केली की तिला वरून आधार राहत नाही आणि आतली प्लास्टिकची मार्गदर्शक बुशं झिजली असतील तर ती खुळखुळ्यासारखी वाजते.

तिसरी जागा दाराचा बुश. दार बंद झाल्यावर ते बॉडीत घट्ट बसावं म्हणून तिथं प्लास्टिकचा छोटा तुकडा असतो. इतक्या वर्षांत तो झिजतो. तो बदलला की दाराचा खडखडाट तर जातोच, दार बंद करतानाचा आवाजही भरीव होतो.

चौथी जागा सीटच्या मागे. पट्ट्याचं आपोआप गुंडाळलं जाणारं रीळ आणि पट्ट्याचं धातूचं टोक शेजारच्या प्लास्टिकवर आपटत राहतं. शेजारच्या रिकाम्या सीटचा पट्टा नुसता लावून ठेवला आणि आवाज थांबला, तर शोध तिथंच संपला.

पाचवी जागा डिकी. पहिल्या पिढीच्या एमएक्स ५ ची बॅटरी इंजिनपाशी नसून डिकीत असते. तिची पट्टी सैल असेल तर खड्ड्यात थड असा आवाज येतो. हा आवाज मात्र फक्त त्रासाचा नाही. सैल बॅटरीचं टोक धातूला टेकलं तर ठिणगी उडू शकते, त्यामुळे हे काम त्याच दिवशी करायचं.

आणि समोर वर उघडणारे ते गाजलेले हेडलाइट. ते खाली बसताना ज्या रबरी गुटक्यांवर टेकतात, ती रबरं कडक झाली की बॉनेटच्या पुढून टकटक येते आणि आत बसलेल्याला वाटतं डॅशबोर्डच वाजतोय.

सापडलं, आता पुढे काय?

खडखडीसाठी फेल्टची पट्टी, पातळ फोम किंवा वायरिंगला गुंडाळतात तो मऊ कापडी टेप. दोन प्लास्टिकच्या मधे किंवा लटकणाऱ्या वायरभोवती तो लावला की आपटणं थांबतं. तुटलेली क्लिप मात्र डिंकाने चिकटवू नका. नवी क्लिप स्वस्त मिळते आणि पुढच्या वेळी पॅनल काढायला त्रास होत नाही.

करकरीसाठी काचेच्या आणि दाराच्या रबराला सिलिकॉन ग्रीस. आधी रबर ओल्या कपड्याने पुसायचं, वाळू द्यायचं आणि मग बोटाने पातळ थर लावायचा. इथं एक चूक सर्रास होते. हाताशी असलेलं साधं ग्रीस किंवा तेल रबरावर लावलं जातं. पेट्रोलियमपासून बनलेल्या तेलाने हे रबर फुगतं, मऊ पडतं आणि काही महिन्यांत करकर परत येते, सोबत पाणी गळणंही.

सायलेन्सरवरच्या पत्र्याची भुणभुण असेल तर बऱ्याचदा गंजलेला बोल्ट कारणीभूत असतो. पत्रा काढून फेकून देणं हा उपाय नाही, तो गाडीच्या तळाला उष्णतेपासून वाचवतो. स्टीलच्या होज क्लॅम्पने आवळला तर काम भागतं.

हे मात्र करू नका

स्टिअरिंग, डॅशबोर्डची डावी बाजू, सीटच्या कडा, समोरच्या काचेशेजारचे खांब यांत एअरबॅग असू शकते. त्यांचे वायरचे जोड बहुतेक गाड्यांमध्ये पिवळे असतात. पिवळा जोड दिसला की हात मागे घ्यायचा. बॅटरीची वायर काढून, गाडीच्या सर्व्हिस पुस्तकात सांगितलेला वेळ थांबूनच तिथं काम होतं आणि ते जाणकारालाच करू द्यावं. एअरबॅगच्या झाकणामागे फोम कोंबणं तर अजिबात नाही. अपघाताच्या क्षणी ती बॅग उघडायला वाट लागते.

दुसरं, दाराच्या पोकळीत फुगणारा फोम मारू नका. दारात शिरलेलं पावसाचं पाणी खालच्या छिद्रांतून बाहेर पडतं. ती छिद्रं बुजली की पाणी आतच राहतं आणि एका आवाजाच्या बदल्यात दार गंजतं. आपल्याकडच्या पावसाळ्यात तर याला वेळ लागत नाही.

कोणत्या आवाजाला गाडी थांबवायची?

सगळे आवाज टेपने झाकायचे नसतात. काही आवाज ही गाडीची तक्रार असते.

स्टिअरिंग वळवताना किंवा प्रत्येक खड्ड्यात पुढून थड थड येत असेल तर लिंक रॉड, बॉल जॉइंट किंवा शॉकअप तपासायला हवा. लिंक रॉड स्वस्तात बदलतो, पण झिजलेला बॉल जॉइंट निखळला तर चाकावरचा ताबा जातो. चाकातून येणारी, वेगाबरोबर वाढणारी टकटक म्हणजे सैल नट असू शकतात, तिथल्या तिथे थांबून बघायचं. ब्रेक मारताना धातूवर धातू घासल्याचा आवाज, इंजिनवर जोर दिल्यावर खोलवरून येणारी ठोकठोक किंवा ब्रेक मारल्यावर सीट हलल्यासारखं वाटणं, यापैकी काहीही असेल तर घरगुती प्रयोग नकोत, थेट मेकॅनिक.

जुन्या एमएक्स ५ मध्ये थंड इंजिन सुरू करताना वरून येणारी टिकटिक मालकांच्या ओळखीची असते. ती व्हॉल्व्हच्या हायड्रॉलिक भागांची असते आणि तेलाचा दाब आला की सहसा थांबते. पण इंजिन गरम झाल्यावरही ती चालू राहिली तर आधी ऑइलची पातळी बघायची.

कंपन्या हे तपासत नाहीत का?

तपासतात. अख्खी गाडी चार हलत्या खांबांवर उभी करून, खराब रस्त्यासारखी हादरवून, आत माइक लावून आवाज शोधले जातात. कंपन आणि आवाज तपासणारी अशी प्रयोगशाळा पुण्यात 'एआरएआय' या संस्थेतही आहे. पण नव्या गाडीतली रबरं मऊ आणि क्लिपा धडधाकट असतात. पाच-दहा वर्षांचं ऊन, पाऊस आणि खड्डे झाल्यावर तीच गाडी वेगळी वाजते.

इलेक्ट्रिक गाड्यांमुळे हा विषय आणखी मोठा होतोय. इंजिनचा आवाज इतकी वर्षं बारीकसारीक खडखड झाकत होता. ते पांघरूण गेलं आणि प्रत्येक सैल क्लिप ऐकू यायला लागली.

ही पद्धत फक्त स्पोर्ट्स कारसाठी नाही. दारातल्या आठ वर्षांच्या हॅचबॅकलाही ती तशीच लागू होते. आधी गाडी रिकामी करायची, आवाज लिहून काढायचा, एका वेळी एकच जागा तपासायची आणि पाना सगळ्यात शेवटी हातात घ्यायचा. कारण डॅशबोर्ड खोलल्यावर जो आवाज सापडतो, तो बऱ्याचदा ग्लोव्ह बॉक्समधल्या पाच रुपयांच्या नाण्याचा असतो.